लंगरातला इमामसाब

कमरुन्निसाचा नवरा मेल्यावर दर वर्षी थोडा थोडा मोठा होत गेला. पहिल्या वर्षी मैंदर्गीला, सासरच्या गावी, शाळेपुढं मांडव घातला होता. कुणी पाहुणा म्हणाला, जवान इमामसाबनं एकट्यानं तीन शत्रू लोळवले आणि मग छातीवर गोळी घेतली. ती तेव्हा पंचवीस वर्षांची. पदर दातात धरून खाली बघत बसलेली. शेजारी सासरे आयुष्यात पहिल्यांदा ताठ बसले होते. त्यांच्या पाठीकडं बघून तिनं तोंड मिटलं, ते मिटलंच. पुढल्या वर्षी तिनाचे पाच झाले. ती सोलापुरात येऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला लागली, तोवर सात.

इमामसाबनं कुणालाच मारलं नव्हतं. तो पलटणीच्या लंगरात, म्हणजे भटारखान्यात, स्वयंपाकी होता.

बावीस वर्षं ही गोष्ट तिच्या एकटीपाशी राहिली. दर वर्षी ती व्यासपीठावर जाऊन एका अनोळखी शूर माणसाची बायको म्हणून नारळ घ्यायची आणि घरी येऊन मशीनवर बसायची. माणूस गोष्टीत गेला की आधी त्याच्या हाताचा वास जातो. इमामसाबच्या हाताला लसणाचा वास यायचा. तो आता तिलाही नीट आठवत नव्हता.

यंदा जुलैत बुद्धप्रिया घरी आली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, सायकलवरून आलेली, घामानं भिजलेली. तिच्या कॉलेजातल्या पोरांनी ठरवलं होतं, सव्वीस जुलैला, कारगिल विजय दिनाला, नुसती भाषणं नकोत. एकेकानं जिल्ह्यातला एकेक शहीद घ्यायचा, त्याच्या घरी जायचं, आणि तो कोण होता ते मांडवात सांगायचं.

"चाची, सात जणांना मारलं ना त्यांनी?"

"लिहून आणलंयस की."

"ते गुरुलिंग सरांनी दिलंय, जुन्या पेपरातलं. मला घरातलं पाहिजे. कशावर चिडायचे ते? तुम्हाला हसवायचे का?"

असलं कुणी विचारलंच नव्हतं. कमरुन्निसा चहा टाकायला उठली आणि पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मला चहा करू द्यायचे न्हाईत," ती म्हणाली. "म्हणायचे, तुझा चहा म्हंजे वजूचं पाणी, नमाजाआधी हातपाय धुवायचं."

पोरगी खळखळून हसली. त्या हसण्यानं बावीस वर्षांचं झाकण उडालं. कमरुन्निसानं पेटीतली पत्रं काढली. सगळं सांगितलं, शेवटचंसुद्धा. मग एकदम घाबरली.

"पण हे मांडवात बोललीस तर लोक काय म्हंतील? हिनं बावीस वर्षं खोट्यावर मान घेतला. आन् त्यास्नी म्हंतील, हा कसला शहीद?"

"तुम्ही सांगाल तेच बोलीन."

कमरुन्निसानं पत्रं उचलून तिच्या हातात ठेवली. मग म्हणाली, "माझा नवरा मला परत पायजे. बोल तू."

कार्यक्रम बघणारे गुरुलिंग सर बुद्धप्रियाचा कागद वाचून वैतागले. "अगं, स्वयंपाकी? लोक हसतील."

"हसू द्या की सर. हसवणाराच होता माणूस."

सव्वीसला मैदान भरलं. पुढं सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं बसली होती. बुद्धप्रियानं माइक धरला आणि सुरुवातच अशी केली, की इमामसाबनं बर्फातल्या चौकीवर हेल्मेटमध्ये शेंगा कुटून चटणी केली होती, आणि त्यावरून सुभेदारानं त्याला झापलं होतं. हशा पिकला. मागून कुणी ओरडलं, "म्हंजे भाकरी थापायला गेलता व्हय सीमेवर!" उठून जावं, असं कमरुन्निसाला वाटलं. पण ती बसून राहिली.

बुद्धप्रिया थांबली नाही. तिनं त्याच सुभेदाराचं पत्र उघडलं. वरची चौकी तीन दिवस बर्फानं तुटली होती. आठ जवान बिस्किटांवर होते. जायचा हुकूम नव्हता. इमामसाब म्हणाला, गरम पोटात गेल्याशिवाय बोट ट्रिगरवर वळत नाही. पाठीला डबे बांधून तो वर चढला. उतरताना बर्फाचा कडा त्याच्यावर कोसळला. सुभेदारानं पुढं एवढंच लिहिलं होतं: जेवण पोचलं होतं. आठही जण जगले.

मग पुढच्या रांगेतून बसवेश उठला, ट्रॅकसूट घातलेला, सहा फूट उंच. गेल्या महिन्यात त्याची निवड झाली तेव्हा त्याच्या मित्रांनी चौकात फटाके उडवले होते.

"मला बी बोलायचंय," तो म्हणाला. माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "मी गावात सांगितलंय, बंदूक मिळणार म्हून. माझं नाव कुक म्हून लागलंय. आईला बी म्हाईत न्हाय. लाज वाटत होती. आता न्हाय वाटत."

"आयला बस्या! मग पार्टी कवा?" मित्र ओरडला.

पुन्हा हशा उठला, पण यात टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या. पोरं उभी राहिली, मग त्यांच्या मागची माणसं. बसवेश थेट कमरुन्निसापुढं येऊन वाकला.

"चाची, तितं वर डाळ शिजती का ओ?"

ती उठली. बुद्धप्रियानं माइक पुढं केला. इतक्या वर्षांत तिच्या हातात माइक कुणी दिला नव्हता.

"शिजती," ती म्हणाली, आणि कर्ण्यातून ऐकलेला स्वतःचा आवाज तिला आवडला. "पण हितल्या दुप्पट येळ लागतो. घाई करायची न्हाय. आन् कुकरची रबर जादाची ने, थंडीत चिरती. त्यास्नी मी टपालानं पाठवायची."

कुणीतरी खाली वही उघडली. ती बोलत राहिली: त्याचं घोरणं, त्याची भांडणं, रजेवर आला की अख्ख्या गल्लीला घातलेलं जेवण. गुरुलिंग सर घड्याळ बघत दोन पावलं पुढं आले, जरा ऐकलं आणि पायरीवर बसले. शेवटी त्यांनीच विचारलं, "त्या गल्लीच्या जेवणात काय होतं, चाची?"

प्रमुख पाहुण्यांचं भाषण त्या दिवशी झालंच नाही. कुणी विचारलंही नाही.