चौथा बेल्ट

आमचा मेकॅनिक मुलखाचा संथ. तो एक नट काढेपर्यंत माझा अख्खा पेपर वाचून होतो.

सहा महिन्यांत माझ्या स्कूटरचा तिसरा बेल्ट तुटला, तेव्हा मुलगाही माझ्याबरोबर गॅरेजात आला. "विकूनच टाकू ही गाडी. आईचं वय झालंय, ब्रेक दाबून धरते आणि वर रेसही पिळते."

"आधी बघू तर द्या," म्हणत मेकॅनिकने इंजिनाचं बाजूचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवलं. बोट तेलाने काळंकुट्ट झालं.

"सील गळतंय. तेलाने बेल्ट घसरतो, तापतो नि तुटतो." मग त्याने मान खाजवली. "गेल्या वर्षी ते सील मीच बसवलं होतं, तिरकं बसलंय. चूक माझी, मावशी. तुमची नाही."

"मग दोन बेल्ट बदलताना डोळे मिटले होतेस का रे?" मी खेकसले.

"झाकण नुसतं पुसून लावत होतो," तो म्हणाला.

गप्प बसला असता, तर सगळं खापर माझ्या वयावर फुटलं असतं. नवं सील आणि चौथा बेल्ट बसेपर्यंत मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग लेकाला मागे बसवून गाडी मीच घरी आणली.