कागदावर सत्तेचाळीस

सिल्वासात मी ज्या संशोधन प्रकल्पात काम करते, त्याचं लांबलचक इंग्रजी नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. साध्या शब्दांत सांगायचं तर, एचआयव्ही घेऊन म्हातारपणापर्यंत पोचलेल्या माणसांचं रोजचं जगणं थोडं सुसह्य कसं होईल, ते शोधायचं. गोळ्यांनी ही माणसं जगवली. पण हाडं लवकर ठिसूळ झाली, पायांतली जाणीव गेली, आणि कोणाजवळ मन मोकळं करायची सोय राहिली नाही. बाहेरच्या एका संस्थेने त्यासाठी निधी दिला. त्यातून हाडांची तपासणी होते, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट येतात, दर मंगळवारी बैठक भरते. माझा पगारही त्यातूनच निघतो. सहभागासाठी अट एकच आहे: वय पन्नास पूर्ण हवं, आणि ते ओळखपत्रावर दिसायला हवं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील धुळ्याकडून इथे प्लास्टिकच्या कारखान्यात आले. मी इथल्याच शाळेत मराठी माध्यमातून शिकले. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं तेव्हा प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या, "राहू दे, मराठीत सांग." एवढ्या एका वाक्यावर मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

महिन्याच्या गोळ्या घ्यायला लोक सरकारी केंद्रावर येतात. तिथे रांगेजवळ माझं टेबल असतं. तिथल्या समुपदेशक बाई, ज्यांना बोलायचं असेल त्यांना माझ्याकडे पाठवतात. जिच्याबद्दल लिहिते आहे ती मावशी मात्र स्वतःहूनच माझ्यासमोर येऊन बसली. आमच्या मंगळवारच्या गटातल्या एका काकांनी तिला सांगितलं होतं. हे काका पूर्वी वॉचमन होते, आणि गटातलं सगळं हसू त्यांच्यामुळे.

"काय गं बेटा, तुमच्याकडे पाय चोळून देतात म्हणे?"

"चोळून नाही मावशी, व्यायाम शिकवतात."

"तेच ते. घाल मला त्यात."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. एका पायात चप्पल नव्हती. शेअर रिक्षात राहून गेली होती आणि तिला कळलंही नव्हतं. मी दाखवल्यावर ती आधी हसली, मग तिने तो पाय साडीखाली ओढून घेतला. तळव्यांना काही लागत नाही, म्हणाली. जवळच्या दादरा गावातल्या एका दोऱ्याच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. तिथली फरशी तेलकट.

"पडले की संपलं. सुपरवायझर बघतच असतो, कोण लंगडतं ते."

मी वय विचारलं. साठ धर, म्हणाली. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई खडी फोडायला जायची आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर असायचा. मग तिने ब्लाउजमधून आधार कार्ड काढून दिलं. त्याप्रमाणे तिचं वय होतं सत्तेचाळीस. म्हणजे ती जन्मली त्याच्या कितीतरी आधी ती भावाला कडेवर घेऊन फिरत होती.

"हे कारखान्याचं वय आहे," ती म्हणाली. जणू कारखान्याचा डबा, कारखान्याची चप्पल, तसं कारखान्याचं वय.

मला समजावून सांगायची गरज नव्हती. जन्माचा दाखला कोणाकडेच नसायचा. ठेकेदाराचा माणूस एकेका चाळीतल्या लोकांना एकत्र कार्ड काढायला घेऊन जायचा आणि वाटेत बजावायचा, वय उतरवून सांगा, थकलेलं माणूस कंपनी घेत नाही. माझ्या वडिलांनीही उतरवलं. त्या उतरवलेल्या वर्षांत ते कामावर टिकले, म्हणून माझं कॉलेज पुरं झालं. आमच्या घरात याला खोटं बोलणं असं कधी कोणी म्हटलं नाही.

मी मॅडमकडे गेले.

"त्या साठच्या आहेत मॅडम. बघूनच कळतं."

"मलाही कळलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आज तुझ्या नजरेवर एकीला घेतलं, तर उद्या कोणाच्या नजरेवर घ्यायचं? मग या अभ्यासावर कोण विश्वास ठेवील? बैठकीला येऊ दे त्यांना, त्याला माझी ना नाही. तपासणी आणि व्यायाम नोंदलेल्यांसाठीच आहे."

मग त्यांनीच मार्ग काढला. डॉक्टर अंदाजे वयाचा दाखला देऊ शकतात. त्यावर कार्ड दुरुस्त करून घ्यायचं, मी स्वतः बोलते, असं त्या म्हणाल्या. मला फार आनंद झाला. अडचण सुटली असं मी धरूनच चालले.

मावशी मंगळवारी येऊ लागली. कारखान्यांची पहिली पाळी सुटल्यावर लोकांना येता यावं म्हणून आम्ही बैठक संध्याकाळची ठेवतो. ती दारातून आत आली की काका ओरडायचे, "आली बघा आमची कॉलेजकन्या!"

"जळू नका काका. तुमचा जमाना गेला."

ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची. येताना ताठ असलेली तिची पाठ हळूहळू वाकायची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. इतरांचा व्यायाम सुरू झाला की ती बाहेर पायरीवर जाऊन बसायची. कोणी तिला जा म्हणत नव्हतं, तिची तीच उठायची.

दाखल्याचं मी बैठकीतच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी कप खाली ठेवून म्हणाली, "आणि मग साठ लिहिलेलं कार्ड गेटवर दाखवायचं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अठ्ठावन्नला घरी बसवतात," काका म्हणाले. "म्हणजे बाई, तू कामावरून दोन वर्षांपूर्वीच गेलीस. आम्हाला सांगायचं तरी!"

सगळे हसले, तीही हसली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुझ्या मॅडम मला पगार देतील?"

"नाही मावशी. म्हातारपणाची पेन्शन मिळू शकेल, सरकारी."

"खोलीचं भाडं निघेल त्यात?"

निघणार नव्हतं. सरकारी दवाखान्यातही असे व्यायाम शिकवतात, हे मी आधी सांगून पाहिलं होतं. पण ते सकाळचे, त्यासाठी पाळी बुडवावी लागते, आणि खाडे झाले की ठेकेदार दुसरी बाई लावतो.

"मग राहू दे," ती म्हणाली. "सत्तेचाळीसच बरी."

त्यानंतर ती बैठकीला आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मी सामरवरणीला तिच्या खोलीवर गेले. पॅकिंगमधल्याच आणखी दोन बायका तिथे राहतात, त्यांना आजाराचं काही माहीत नाही. मी गावाकडची भाची आहे असं सांगितलं. मावशीने क्षणभर डोळे मोठे केले आणि लगेच, "ये गं, मावशीची आठवण आली का एकदाची?" म्हणत मला बाहेर नळापाशी नेलं. केसांना नुकताच काळा रंग लावला होता, कानामागे थोडा डाग राहिला होता.

"रागावलात का?"

"तुझ्यावर? नाही गं माय." तिने नळ सोडून पायांवर पाणी घेतलं. "तुमच्याकडे बसलं की बरं वाटतं. म्हातारीसारखं बसता येतं. कंबर दुखते म्हणता येतं. आणि दुसऱ्या दिवशी मशीनपाशी उभं राहिलं की ते अंगातून जात नाही. हात चालत नाही. सुपरवायझर बोलला परवा, काय मावशी, थकल्या का?"

तिने नळ बंद केला. "मला थकून नाही चालायचं. म्हणून नाही येत."

पुन्हा येऊ नको असंही तिने सांगितलं. पण ते सांगताना माझ्या हाताला धरून रस्त्यापर्यंत सोडायला आली.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ते गांभीर्याने घेतलं. ज्यांचं कागदावरचं वय कामासाठी कमी लिहिलेलं आहे असे लोक अभ्यासातून सुटतात, असं अहवालात लिहिलं, आणि पुढच्या टप्प्यात अट सैल करावी अशी विनंती केली. निधी देणाऱ्यांचं उत्तर सभ्य होतं. मुद्दा महत्त्वाचा आहे, पण दोन्ही टप्प्यांची तुलना करता यावी म्हणून अट तीच ठेवावी. दुसऱ्या टप्प्याचा निधी मंजूर झाला. मॅडमनी मला कायम ठेवलं. वडिलांनी चाळीत पेढे वाटले, मुलीचं काम मोठ्या लोकांना पसंत पडलं म्हणून. मी ते पेढे खाल्ले.

आता मी पुन्हा गोळ्यांच्या रांगेजवळ टेबल मांडून बसते. मावशी महिन्यातून एकदा त्या रांगेत असते. एक हात भिंतीला टेकवून, पण पाठ सरळ ठेवून. हिशेबाने तीही एका वर्षाने वाढली आहे, तिच्या कार्डावर अठ्ठेचाळीस झाली असेल. दोन वर्षांनी ती अटीत बसेल, तेव्हा हा टप्पा संपून प्रकल्प उरलेला नसेल. ती माझ्याकडे पाहते आणि ओळख दाखवत नाही, तसंच आमचं ठरल्यासारखं आहे. पन्नास पूर्ण झालेल्यांना बोलावून घेणं हे माझं काम. मी तिच्या मागच्या माणसाला हाक मारते.