इस्त्रीवालीचा अंगठा

तिच्या उजव्या अंगठ्याला रेषाच नव्हत्या. नदीतला गोटा कसा असतो, तसा गुळगुळीत अंगठा. कुठल्याही सरकारी खिडकीवर गेली की हिची पंचाईत ठरलेली. मशीनवर अंगठा ठेवायची, मशीन गप्प. खिडकीतला म्हणायचा, पुसून ठेवा. पुसून ठेवायची, तरी गप्प. मग तो म्हणायचा, बाई, तुम्हाला रेषाच नाहीत. ती म्हणायची, नशिबाच्यासुद्धा नाहीत, पण माझं काही अडलं नाही, तुझंच अडतंय.

त्या रेषा कशा गेल्या ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ती अकरा वर्षांची होती. आईचं इस्त्रीचं टेबल होतं, कोळशाची इस्त्री, उचलताना मोठ्या माणसाचाही खांदा दुखावा अशी. आई कपडे पोचवायला गेलेली आणि ही स्टुलावर उभी राहून चादरीवर इस्त्री फिरवत होती. धाकटा भाऊ नुकता रांगायला लागलेला, तो टेबलाखाली. चादर घसरली आणि तिच्याबरोबर इस्त्री टेबलाच्या कडेला गेली. हिनं मूठ पकडायला पाहिजे होती. पण वेळ कुठं होता? हिनं इस्त्रीच पकडली, तापलेली, उघड्या हातानं. भावाच्या केसालाही धक्का लागला नाही, तो आपला बाही चोखत बसला होता. हात दोन महिन्यांनी बरा झाला, चार बोटं पहिल्यासारखी झाली. अंगठ्याला कातडी आली, पण कोरी आली.

पुढं आई गेली, टेबल हिच्याकडे आलं. लग्न झालं होतं, चारचौघांत, देवासमोर, वहीत नोंद करून. तिसऱ्या वर्षी नवरा काम शोधायला म्हणून गेला तो गेलाच. वहीत त्याची सही अजून आहे, माणूस नाही. ही रडली, मग उठली आणि इस्त्री तापवली.

भाऊ शिंपी झाला. मोठा गुणी हात. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान, वर राहायची खोली. दिवसभर शिवलेले कपडे संध्याकाळी ताईकडे यायचे, सकाळी घडी घालून परत जायचे. त्या वरच्या खोलीत त्याच्याबरोबर चष्मेवाला राहायचा. चष्मे बनवायचा, काचा घासायचा, बारीक आवाजाचा माणूस. बावीस वर्षं दोघं एकत्र. सुरुवातीची दोन वर्षं ताई भावाशी बोलत नव्हती. देवाला सांगायची, त्याला अक्कल दे. मग एका थंडीत हिची कंबर धरली, कूस बदलता येईना. तेव्हा तो चष्मेवाला न बोलावता आला आणि हिच्या टेबलाशी उभा राहिला. पहिल्याच दिवशी दोन शर्ट करपवले. ही अंथरुणातून त्याला शिव्या घालायची, अरे बाही आधी, कॉलर मग, डोळ्यांचं दुकान तुझं आणि तुलाच दिसत नाही होय? महिनाभर शिव्या चालल्या. कंबर बरी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, देवाला अक्कल मागायची राहूनच गेलीय.

देवाचं मात्र तिनं कधी सोडलं नाही. प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत तिची जागा. देवापुढच्या मेजावरची पांढरी चादर तीस वर्षं हिच्याच हातची. दुसऱ्या कुणाची इस्त्री तिला चालायची नाही. त्या चादरीला सुरकुती म्हणजे माझ्या तोंडाला काळं, असं म्हणायची.

तर त्या वर्षी सरकारनं काढलं, की दोन बाप्ये किंवा दोन बायका एकत्र राहत असतील, त्यांचंही लग्न वहीत लिहून घ्यायचं का? लोकांनी सांगावं. झालं, गावात उभी फूट पडली. सकाळी भिंतीवर एक लिहायचा, दुपारी दुसरा त्यावर फासायचा. हिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं सगळ्या भिंती हिला सारख्याच. भाऊ आणि चष्मेवाल्यानं कचेरीत आधीच नाव देऊन ठेवलेलं, कायदा झाला की आमचं पहिलं लिहा म्हणून. ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, या वयात? मग म्हणाली, कपडे मीच करणार इस्त्री.

एका प्रार्थनेनंतर बाहेर पडताना दाराशी चिटणीस बसलेला. प्रार्थनाघराचा चिटणीस, ओठावर साखर, पोटात काय ते देवाला ठाऊक. समोर कागदांचा गठ्ठा आणि शाईचा डबा. हिनं विचारलं, हे त्या लग्नाच्या भानगडीचं आहे का? तसलं असेल तर मी नाही. तो म्हणाला, छे हो बाई, हे निराळं. नवरे बायकांना टाकून जातात, घरं मोडतात, ती मोडू नयेत म्हणून सरकारला विनंती आहे. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार?

तिच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं मेल्यानं. तिनं अंगठा नुसता टेकवला नाही, जोर लावून उठवला.

त्यानंतर भावाचे कपडे यायचे बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. तिला वाटलं कामच नसेल. मग शेजारणीनं सांगितलं, अगं, तुझ्या भावाचे कपडे त्या चौकातल्या नव्या लाँड्रीत जातात. ते ऐकून हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मानी बाई, कपडे बंद होऊन तीन आठवडे झाले तरी गेली नाही. चौथ्या आठवड्यात तापलेली इस्त्री बाजूला ठेवली आणि तशीच निघाली.

खाली चष्मेवाला होता. म्हणाला, ताई, आज नको. ती म्हणाली, बाजूला हो, आणि जिना चढली. भाऊ मशीनवर बसलेला. त्यानं मान वर केली नाही, पायही थांबवला नाही. ही बोलतेय आणि ते मशीन खडखडतंय. शेवटी हिनं चाकावर हात ठेवला तेव्हा ते थांबलं.

भाऊ म्हणाला, "कचेरीच्या भिंतीवर सगळे कागद लावलेत, ताई. आमच्याविरुद्ध ज्यांनी ज्यांनी दिलेत ते. मी एकेक बघत होतो, कोण कोण गिऱ्हाईक आहे म्हणून. अकराशे अंगठे नि सह्या. त्यात एक कोरा. मला वाचायची गरजच पडली नाही. माझ्यापायी भाजलेला अंगठा मी नाही ओळखणार?"

ती तिथंच खाली बसली. मग काय घडलं ते तिनं सांगितलं आणि भावानं डोळे झाकले. त्याला वाटलं आता ही रडेल. पण ती उठली ती वाघिणीसारखी, आणि पहिली त्याच्यावरच धावली. म्हणाली, तीन आठवडे मनात धरून बसलास? दोन गल्ल्या चालवल्या नाहीत तुला? यायचं होतंस, टेबल उलटं करायचं होतंस, शिव्या द्यायच्या होत्यास. कपडे काय दुसरीकडे पाठवतोस, बाई आहेस का रुसायला? भाऊ म्हणाला, मला वाटलं तुझ्या देवानं सांगितलं असेल. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन तिनं प्रार्थनाघराची धुतलेली चादर घेतली. इस्त्री अजून तापलेली होती, पण तिनं चादर तशीच चुरगळलेली काखोटीला मारली आणि चालू लागली.

चिटणीस आधी गोड बोलला. कागद कचेरीत गेले, आता काय करणार. अकराशेत तुमचा एक कुठं शोधायचा. आणि बाई, घरं मोडू नयेत हेच तर आहे त्यात, मी खोटं कुठं बोललो?

ती म्हणाली, "माझं मोडलं ना."

आवाज ऐकून मोठे बाबा बाहेर आले. प्रार्थना सांगणारे ते, पिकलेले, काठी टेकत चालणारे. त्यांना सगळे मानत, हीही मानायची. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मुली, लग्न म्हणजे एक बाई आणि एक बाप्या, हे मी मरेपर्यंत मानणार, तुझ्या भावासाठी बदलणार नाही. ती म्हणाली, तुम्हाला बदला कोण म्हणतंय? तुम्ही तुमचं मानता ते उघड मानता. मग बाबा चिटणीसाकडे वळले. कागद हिला वाचून दाखवला होता का? चिटणीस म्हणाला, रांग होती, बाबा. बाबा हिला एवढंच म्हणाले, बुधवारी कचेरीत सुनावणी आहे, तिथं सांग. हिनं चुरगळलेली चादर चिटणीसाच्या हातात दिली. म्हणाली, घ्या, आता तुम्हीच करा. तुम्हाला सगळं सपाट करता येतं.

बुधवारी कचेरीबाहेर ही गर्दी. एका बाजूला हे, एका बाजूला ते, मधे पोलीस. प्रार्थनाघराचे लोक हिला बघून म्हणाले, या या, इकडं बसा. पलीकडचे हिच्या डोक्यावरचा प्रार्थनेचा रुमाल बघून हिच्या अंगावर ओरडले. ही दोन्हीकडं बघून म्हणाली, घसे सांभाळा, आणि मधून सरळ आत गेली. भाऊ आणि चष्मेवाला शेवटच्या बाकावर बसले होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

हिची पाळी आली तेव्हा अधिकारीणबाईंनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? ही म्हणाली, मला माझा अंगठा परत पाहिजे.

लोक हसले. कारकून म्हणाला, बाई, अकराशे आहेत, कुठला तुमचा? ही म्हणाली, आण इकडं. कारकुनानं भिंतीवरून उतरवलेले गठ्ठे आणून आपटले. एक अक्षर न येणारी बाई, पण पानामागून पान उलटत चालली. सगळ्या अंगठ्यांत भोवरे होते, लाटा होत्या, शंख होते. हॉलमधली कुजबुज हळूहळू बंद झाली. कितव्या तरी पानावर ती थांबली. तिथं नुसता एक निळा ठिपका, जोरात दाबलेला, एक रेघ नाही. तिनं शाईत अंगठा बुडवून कोऱ्या कागदावर उठवला आणि शेजारी ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला?

अधिकारीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, खोडून टाकू. ही म्हणाली, थांबा. आधी मोठ्यानं वाचा. मी कशावर अंगठा दिला ते मला अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही.

मग कारकुनानं वाचलं. आणि आता हे नीट ऐका. त्यात टाकलेल्या बायकांचं एक अक्षर नव्हतं. त्यात होतं, की असल्या लोकांच्या घराला घर समजू नये, असल्या नात्याला नातं समजू नये, आणि खाली सही करणारा देवाला स्मरून हे सांगतो.

तिनं टेबलावर हात आपटला. पुढच्या बाकावर बसलेल्या चिटणीसाकडे वळून म्हणाली, "देवाला स्मरून. माझ्या देवाला तू माझ्या नावानं खोटं सांगितलंस. मी रोज त्याच्याशी बोलते, त्याला वाटलं असेल हिनं आपल्या भावाचं घर घर नाही म्हणून सांगितलं. माझं लग्न वहीत आहे, साक्षीदार वीस होते. नवरा गेला तेव्हा त्यातला एक तरी शोधायला गेला का? आणि हा चष्मेवाला माझ्या टेबलाशी महिनाभर उभा राहिला, तो कोणत्या वहीत आहे?"

चिटणीस म्हणाला, हिला पढवून आणलीय. तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली, प्रार्थनाघरातलीच. म्हणाली, मलाही टाकलेल्या बायकांचंच सांगितलं होतं, माझाही काढा. तिच्या शेजारची फटकन म्हणाली, मला खरं सांगितलं असतं तरी मी दिला असता, माझा राहू दे. इस्त्रीवाली तिला म्हणाली, राहू दे की, तुझा आहे, तू समजून देतेयस.

अधिकारीणबाईंनी विचारलं, मग तुमचं नाव त्या दुसऱ्या बाजूला लिहू का? ही म्हणाली, आज माझा हात कुठल्याच गठ्ठ्यात घालू नका. देवाला काय वाटतं ते देव मला सांगेल. मधे चिटणीस नको.

लाल रेघ मारून अंगठा खोडला, बाजूला अधिकारीणबाईंची सही झाली. त्या कायद्याचं पुढं वर्षभर घोंगडं भिजत पडलं. पण ही पुढच्या प्रार्थनेला गेली, पहिल्या रांगेत, आपल्याच जागेवर. शेजारच्या दोघी उठून गेल्या, ही पसरून बसली. देवापुढची चादर चुरगळलेली होती, कुणी तरी घाईनं इस्त्री मारून मधे मोठी घडी पाडलेली. प्रार्थना सांगताना मोठे बाबा हाताच्या तळव्यानं ती घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होते. ती होत नव्हती. हिला आतून तुटत होतं, पण ही जागची हलली नाही.

सुनावणीच्या संध्याकाळी भाऊ स्वतः आला होता, शर्टांचं गाठोडं घेऊन. दारात उभा राहिला. हिनं बस म्हटलं नाही. त्यानं विचारलं, अजून रागात आहेस? ती म्हणाली, आहे. चिटणीसावर आहे, तुझ्यावर आहे, माझ्यावर पण आहे. यापुढं माझ्यापुढं कुठलाही कागद आला तर आधी तू वाचायचास. आणि राग आला तर इथं यायचं, ओरडायचं.

भाऊ बरं म्हणाला. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"आणि हा अंगातला शर्ट काढ आधी. कॉलर बघ कशी मारून ठेवलीय त्या लाँड्रीवाल्यानं. असा वेडाविद्रा फिरतोस आणि लग्न करायला निघालायस?"

त्यानं निमूट शर्ट काढून दिला. तिनं कॉलरवर पाणी शिंपडलं, तो गुळगुळीत अंगठा जिभेला लावून इस्त्रीला टेकवून पाहिला, चर्र झालं, आणि दात ओठ खात ती कॉलर सरळ करायला लागली.