आधी ओळख पटवा!

आमच्या घरातलं एकही माणूस आजवर फोनवर फसलेलं नाही. त्यापायी माझ्या नणंदेची ठरत आलेली सोयरीक मोडायची वेळ आली होती, पण फसलेलं नाही म्हणजे नाही!

दोष कुणाचा म्हणाल तर माझा. मी नांदूरघाटला शाळेत शिकवते. मागं एकदा बीडला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता फसवणुकीपासून सावध कसं राहायचं. एरवी प्रशिक्षणात मी मागच्या बाकावर डुलकी काढते (सगळेच काढतात, मी फक्त कबूल करते). पण त्या दिवशी साहेबांनी एकेक किस्सा असा सांगितला की झोप उडाली. कुणाला वीज तोडायची धमकी देऊन लुबाडलेलं, कुणाला बक्षीस लागलं म्हणून. एकानं तर फोनवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि त्याचं खातं धुऊन निघालं! बीडहून घरापर्यंतच्या प्रवासात मी शेजारच्या सीटवरच्या बाईकडेसुद्धा संशयानं बघत होते.

आणि घर तरी कसं? सगळे एकापेक्षा एक भोळे. आमचे हे हॉटेलातलं बिल न वाचता पैसे देतात, वर वेटरला "सगळं बरोबर हाय ना?" असं त्यालाच विचारतात! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी चहा पाजतात आणि मग विचारतात, कोण तुम्ही. राहिले माझे सासरे, आप्पा. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. घरचा म्हणून ठेवलेला फोन कायम त्यांच्या खिशात. म्हटलं, तटबंदी इथूनच सुरू करू.

मी स्वयंपाकघरात जाऊन, मैत्रिणीच्या फोनवरून, आवाज बदलून, ओसरीवर बसलेल्या आप्पांना फोन लावला.

"हॅलो, मी बँकेतून बोलतेय. तुमचं खातं बंद पडणार आहे."

"आरं देवा! कावून?"

"जन्मतारीख सांगा."

आप्पांनी जन्मतारीख सांगितली. खाते क्रमांक सांगितला. पासबुक लोखंडी पेटीत आहे आणि पेटीची किल्ली देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागं असते हे तर न विचारताच सांगितलं! शेवटी म्हणाले, "म्याडम, या की एकदा च्या प्यायला."

मी फोन कानाला तसाच धरून ओसरीवर आले. आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांना जे काही बोलले ते इथं लिहीत नाही, सुनेनं सासऱ्याला बोलायचं ते नव्हतं. शेवटी म्हटलं, "आप्पा, इथून पुढं फोन कुणाचाही येऊ द्या. एकच वाक्य म्हणायचं. आधी ओळख पटवा!"

हे वाक्य आप्पांना फार आवडलं. सवलतीच्या पासावरचा फोटो आणि समोरचा माणूस जुळवून बघण्यात त्यांची नोकरी गेली होती. बारा वर्षांच्या पोराला पाच वर्षांचं सांगणाऱ्या आया त्यांनी नजरेनं ओळखलेल्या! रिटायर झाल्यापासून ती नजर नुसतीच पडून होती. आता तिला काम मिळालं.

दुसऱ्याच दिवशी शेतात मोटारसायकल बंद पडली म्हणून यांनी गड्याच्या फोनवरून घरी फोन केला.

"आप्पा, मी बोलतोय."

"मी म्हंजी कोण? आधी ओळख पटवा!"

"आवो, मी तुमचा ल्योक!"

"असं सगळेच म्हंत्यात. माज्या आईचं म्हायेर सांग."

यांना आजीचं माहेर आठवेना. आप्पांनी फोन कट केला. हे ऊन डोक्यावर घेत चालत घरी आले आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी मात्र खूश होते. आप्पांना शाबासकीसुद्धा दिली, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

आता माझ्या नणंदेचं सांगते. वैशाली बीडला एका दवाखान्यात नर्स आहे. शिकलेली, कमावती आणि नकार द्यायला खमकी. तिनं इतकी स्थळं परत पाठवली होती की मध्यस्थ आमच्या गल्लीतून जायचे बंद झाले. अशात आत्याबाईंचे भाऊ, सोपानमामा, धर्मापुरीचं एक स्थळ घेऊन आले. मुलगा बँकेत नोकरीला. फोटो बघून वैशाली म्हणाली, "बघू." तिच्या तोंडून "बघू" म्हणजे दुसऱ्या पोरीनं साखरपुड्याची साडी निवडल्यासारखं! आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मामा म्हणाले, "मी कळवतो त्यान्ला."

मामांनी त्यांना कळवलं. आम्हाला काही कळवलं नाही.

रविवारी दुपारी मी ओसरीवर मेथी निवडत होते. आप्पांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, त्यांनी स्पीकर लावला.

"रामराम! मी धर्मापुरीहून बोलतोय. आमचा मुलगा बँकेत असतो."

बँक म्हटल्याबरोबर आमच्या डोक्यातून मामांचं स्थळ पार उडालं आणि आप्पा ताठ झाले. "बरं. मग?"

"तुमच्या मुलीची जरा माहिती पायजे होती. नाव, जन्मतारीख, जन्माची वेळ..."

मी मेथीची जुडी खाली ठेवली.

"...आईचं म्हायेर कुठलं, जमीन किती, मुलीला पगार किती पडतो..."

आता तुम्हीच सांगा! प्रशिक्षणात जे जे कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं, ते सगळं हा माणूस एका दमात विचारत होता. सोयरीक जुळवणारे आणि खातं लुटणारे नेमके तेच प्रश्न विचारतात, हे त्या साहेबांनी सांगायला नको होतं का?

"आधी ओळख पटवा!" आप्पा गरजले.

"पटवतो की." बिचाऱ्यानं नाव सांगितलं, भावकी सांगितली, किती एकर बागायत आणि किती कोरडवाहू ते सांगितलं, स्वतःची जन्मतारीखसुद्धा सांगितली. मी आप्पांना खूण केली की याचं सगळं पाठ केलेलं असतं. आप्पांनी मग हुकमी पत्ता टाकला.

"धर्मापुरीचे ना तुमी? मग सांगा, तुमच्या गावाला मुक्कामी एसटी कोन्ती येती?"

"आता ते... मी एसटीनं जात न्हाई. माझी जीप हाय."

"धरला!" आप्पा माझ्याकडं बघून ओरडले. "गावात ऱ्हातो आन् मुक्कामी गाडी ठावं न्हाई! भामटा हाय भामटा!"

मी फोन हिसकावून घेतला. "लाज नाही वाटत? म्हाताऱ्या माणसाला लुबाडता?" म्हणत त्या माणसाला कायद्याची सगळी कलमं ऐकवली (एकही आठवत नव्हतं, पण आवाज मोठा होता). मग कवायतीची शिट्टी पर्समधून काढून फोनमध्ये जीव खाऊन फुंकली. तिकडून "आई गं!" ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण अंगात समाजसेवा संचारली होती! त्या नंबरावर एक फोटो होता, जीपला टेकून उभे असलेले भगव्या फेट्यातले मिशीवाले गृहस्थ. तो फोटो मी गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सावधान! हा इसम मुलाची बँकेत नोकरी असल्याचे सांगून घरची माहिती काढतो. ओळखपत्र दाखवले तरी विश्वास ठेवू नका, खोटी बनवून मिळतात. पुढे पाठवा." शेवटी शाळेसकट माझं नावही टाकलं. लोकांनी लगेच पुढं पाठवलं. एरवी शाळेच्या पालकसभेची सूचना कुणी उघडूनसुद्धा बघत नाही!

संध्याकाळी वैशालीचा फोन आला.

"वहिनी, आमच्या दवाखान्याच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय. खाली तुझं नाव आहे."

"बीडपर्यंत पोचला?" मला अभिमानानं भरून आलं. "बघितलास ना कसा दिसतो भामटा!"

"बघितला. तू ज्यांना इसम म्हटलंयस ना, ते माझे होणारे सासरे आहेत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, आम्ही फोनवर बोललोय, मला तो मुलगा आवडलाय गं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आजवर कुणी आवडला नव्हता. काहीतरी कर!"

घरात सुतक पडल्यागत झालं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचं तोंड पोळलंही नव्हतं आणि आम्ही ताक फुंकून फुंकून सांडून टाकलं होतं. आप्पा म्हणाले, "मी तर सूनबाईनं शिकीवल्यालंच बोललो." हे म्हणाले, "मोटारसायकल आठवतीय ना?" आत्याबाई उठून शेजारी गेल्या, ते सगळ्यांत वाईट. थोड्या वेळानं शेजारणीला सांगताना ऐकू आलं, "पोरीच्या नशिबात भावजयच आडवी आली, कुणाला बोल लावावा?"

सकाळीच सोपानमामांच्या गाडीतून आप्पा, मामा आणि मी धर्मापुरीला निघालो. मामा वाटभर एकच म्हणत होते, "लई मोठी माणसं हायती ती, लई मोठी. शिट्टी कावून वाजवली तुमी?" रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून अंबाजोगाईच्या अलीकडं रस्त्यावर सीताफळाची टोपली घेतली. वरची फळं कशी, डोळे उघडलेली, टपोरी! विकणारी म्हणाली, "ताई, घरच्या झाडाची हायती." भाव न करता पैसे दिले. मनात फक्त त्या फोटोतल्या गृहस्थांच्या, मामा ज्यांना तात्या म्हणत होते त्यांच्या, मिशा होत्या.

गावात शिरल्यावर पारावरच्या माणसाला मामांनी तात्यांचं घर विचारलं.

"कोन्ते तात्या? मेसेजवाले?" तो कळवळून माझ्याकडं बघत म्हणाला. "तुमीबी फसलात का, बाई?"

तात्या ओसरीवर बसले होते. तोच फेटा, त्याच मिशा. शेजारी त्यांच्या मंडळी, आणि दारात बँकवाला मुलगा खाली मान घालून उभा. हसू दाबत होता की राग, कळत नव्हतं. मी पाया पडायला वाकले तर तात्यांनी हात वर केला.

"थांबा. आधी ओळख पटवा."

मी शाळेचं ओळखपत्र काढलं. तात्यांनी फोन डोळ्यांपुढं धरून वाचून दाखवलं, "'ओळखपत्र दाखवले तरी विश्वास ठेवू नका, खोटी बनवून मिळतात.' तुमीच लिवलंय ना हे, म्याडम?"

आप्पांनी खिशातून आपला जुना कंडक्टरचा बिल्ला काढला. "ह्यो बी मिळत आसंल बनवून," तात्या म्हणाले. "भाचीला स्टॅण्डवर सोडाया गेलतो तर लोक लांब सरकून बसले. भावकीतल्या पोरानं इचारलं, तात्या, धंदा कसा चाललाय? चार गावात माझं नाव हाय, म्याडम. व्हतं."

मला खरंच रडू यायला लागलं. "तात्या, मला काय बोलायचं ते बोला. पण पोरीचा काही दोष नाही. तिला तुमचा मुलगा मनापासून आवडलाय. माझ्या शहाणपणापायी तिचं वाटोळं करू नका."

काहीतरी हालचाल हवी म्हणून असेल, तात्यांच्या मंडळींनी आमची टोपली ओढली आणि फळं ताटात काढायला लागल्या. वरचा थर निघाला. खाली कच्ची, हिरवी, दगडासारखी फळं निघाली. त्याखाली निघालं वाळलं गवत, आणि गवताखाली वजनासाठी घातलेला विटेचा अर्धा तुकडा!

तात्यांनी वीट हातात घेतली. फिरवून फिरवून बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"टोपलीत हात घालून बघितलं न्हाई?"

"नाही."

"भाव तरी केला?"

"नाही."

तात्यांच्या मिशा आधी थरथरल्या, मग ते असे हसत सुटले की फेटा डोळ्यांवर आला. "आगं, ही बाई कुणाला काय फसीवनार! पटली ओळख! च्या ठेवा."

मुलगा दारातच मोकळेपणानं हसला आणि लगेच फोन काढून वैशालीला काहीतरी लिहायला लागला. चहा येईपर्यंत आप्पांनी तात्यांना मुक्कामी गाडीचं नाव आणि वाटेतले सगळे थांबे पाठ करायला लावले होते.

लग्न ठरलं. अट एकच, मी ग्रुपवर जाहीर माफी मागायची. मी मागितली. खाली पहिलं उत्तर आलं, "मॅडमचा फोन भामट्यांच्या ताब्यात गेलेला दिसतो, कुणी विश्वास ठेवू नका." आणि मला ग्रुपमधून काढून टाकलं! यांच्या फोनवरून लग्नपत्रिका पाठवली तर ती एकानंही उघडली नाही. फोनवर आलेली पत्रिका उघडायची नाही, हे मीच घरोघर सांगितलेलं.

मग काय, छापील पत्रिका घेऊन मी दारोदार फिरले. प्रत्येक दारातून आधी आवाज यायचा, "कोण? आधी ओळख पटवा!" सुरुवातीला ओळखपत्र दाखवायचे. नंतर सोडून दिलं. टोपलीतल्या विटेची गोष्ट आप्पांनी एव्हाना गावभर केली होती; तो विटेचा तुकडाच पिशवीत ठेवला होता, तो वर करून दाखवायचे. लगेच दार उघडायचं.