एक वीत अंतर

बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला, की मुलं आमच्या भूगोल विभागात मुख्य विषयाचा सल्ला मागायला येतात. ‘सर, स्कोप कशात आहे?’ हा एकच प्रश्न. तो ऐकला की माझं डोकं फिरतं. मी उत्तरच देत नाही. समोरच्याला भिंतीवरच्या वाशीम जिल्ह्याच्या नकाशापुढे उभं करतो आणि म्हणतो, ‘आधी आपलं गाव दाखव.’ गाव शोधताना आजूबाजूच्या गावांवरही ज्याची नजर रेंगाळते, त्यानं खुशाल भूगोल घ्यावा, एवढंच माझं शास्त्र.

यंदा मेडशीची एक मुलगी आईला घेऊन आली. मुलीच्या आधी आईच बोलली, ‘सर, भूगोल घेऊन पोरीले काय भेटते?’

माझा पारा चढला. म्हटलं, ‘मग तुम्हीच गाव दाखवा.’

तिनं चष्मा लावला. मुलीचं बोट केव्हाच मेडशीवर होतं. आईचं मात्र पार दुसरीकडे, मानोऱ्याजवळच्या एका ठिपक्यावर जाऊन थांबलं.

‘आईचं माहेर आहे ते,’ मुलगी म्हणाली.

आईनं पंजा पसरून दोन्ही गावांमधलं अंतर मोजलं. ‘एक वीत बी नाही,’ ती म्हणाली. ‘मंग मले काहून जाणं होत नाही हो, सर?’

नकाशाचं प्रमाण समजावायला मी कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर बोट ठेवलं.

मुलगी आईकडे बघत होती. ‘सर,’ ती म्हणाली, ‘याचं उत्तर ज्या विषयात भेटते, तो द्या मले.’