परतीच्या पाइपाचा पंप

लातूरच्या पाणीपुरवठ्यात निवृत्तीमामांनी एकतीस वर्षं व्हॉल्वमनची नोकरी केली. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून सायकलवर निघायचं, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात ती चावी उतरवून व्हॉल्व उघडायचा आणि ठरल्या वेळी परत येऊन बंद करायचा. उघडायला जात तेव्हा कोणी त्यांच्याकडे बघत नसे. बंद करायला गेले की सगळी गल्ली दारात उभी राही. कोणी अजून दोन घागरी मागे, कोणी चहा पुढं करी, कोणी शिवी देई. मामा चहा घेत, शिवी ऐकून घेत आणि व्हॉल्व बंद करत. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात त्यांनी चहासुद्धा सोडला होता. दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायला त्यांना कसंतरी वाटे.

त्या नोकरीनं त्यांच्या हाताला एक खोड लागली. वाहतं पाणी दिसलं की हात आपोआप पुढं जाई. लग्नाच्या मांडवात जेवून उठले की हात धुण्याच्या जागेवरचे नळ पिळून बंद केल्याशिवाय ते पान खात नसत. नागुबाई, त्यांची बायको, म्हणायची, "आवं, लोक म्हनतेन नवरीकडच्यानी माणूस ठिवलाय नळाला."

नोकरी संपल्यावर दोघं मुरुडच्या शिवारात येऊन राहिली. दीड एकर जमीन, दोन खोल्यांचं घर आणि घरामागं शेताच्या अंगाला म्हशींचा गोठा. म्हशी दोन, मोरी आणि मोरीची लेक. त्या नागुबाईच्या होत्या. लातुरात भाड्याच्या खोलीत एकतीस वर्षं काढली तेव्हापासून तिला म्हैस पाळायची होती. तिथं माणसांनाच पाणी पुरत नव्हतं, तिथं म्हशीला कुठून आणणार? म्हणून गावाकडं आल्यावर तिनं पहिल्यांदा म्हैस घेतली आणि घराला रंग नंतर दिला.

गोठ्यात शहाबादी फरशी होती. शेण-मूत आणि वैरणीचा चोथा यांनी ती रोज निसरडी होई. नांदेडला शाळेत मास्तर असलेला मुलगा आनंदराज मागच्या उन्हाळ्यात आला, त्यानं आईला फरशी घासताना बघितलं आणि मोबाइलवरून पाण्याची जोराची धार मारणारं एक धुलाईचं मशीन मागवून दिलं. गोठ्याच्या लाइनीला वीज पाळीपाळीनं येई, तीही बहुतेक रात्री, म्हणून पेट्रोलवर चालणारं घेतलं. खोक्यावर दाबाचा आकडा एवढा मोठा छापलेला होता की आनंदराजनं तो आकडा बघूनच पैसे भरले होते.

मशीन चांगलं चाललं. मामा धार मारत, पाइपाच्या टोकाच्या बंदुकीचा खटका सोडत, झाडूनं लोटत, बघत, पुन्हा थोडी धार मारत. टाकीतलं पाणी वाया जाऊ नये म्हणून खटका जास्त वेळ सुटलेलाच असे. इंजिन मात्र चालू राही, कारण ते बंद केलं की पुन्हा दोरी ओढायची, आणि व्हॉल्वची चावी फिरवून फिरवून मामांचा उजवा खांदा कधीच कामातून गेला होता. दीड महिन्यानं एक दिवस धार बारीक झाली. मामांनी पंपाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. तळहाताला फोड आला. खालून गरम पाणी ठिबकत होतं.

"मशीन खराब निघालं," त्यांनी घरात येऊन सांगितलं. हाताचं विचारल्यावर चहाच्या पातेल्याचं नाव सांगितलं.

आपल्याच हातून काहीतरी झालं असावं, असं त्यांना त्याच क्षणी वाटलं होतं. पण काय झालं ते कळत नव्हतं, आणि एकतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसानं एक पंप बिघडवला हे पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं? आनंदराज विकणाऱ्याशी महिनाभर फोनवर भांडला. मशीन कडब्याच्या गंजीमागं जाऊन पडलं. नागुबाईनं पुन्हा खराटा घेतला. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हशी धुवून गोठा घासताना तिचा पाय सरकला. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर दिवाळीच्या आधी निघालं, पण बादली उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मामांच्या खांद्याला खराटा झेपत नव्हता. आनंदराजनं फोनवर निकाल दिला, "बाबा, म्हशी विकून टाका. दोघं नांदेडला या. मी मुरुडच्या जनावरांच्या व्यापाऱ्याला, दगडोबाला सांगितलंय. तो मंगळवारी बघायला येईल."

त्या दिवशी नागुबाई मोरीजवळ जरा जास्त वेळ बसली, एवढंच. मामांनी ते दारातून बघितलं. ही पडली ती फरशीमुळं नव्हे, आपल्या गप्प बसण्यामुळं पडली, हे त्यांच्या मनात पक्कं झालं. शुक्रवारी सकाळी त्यांनी शेजाऱ्यांना चार दिवस म्हशी बघायला सांगितलं, धोतराची पिशवी भरली आणि नांदेडची बस धरली.

आनंदराजला त्यांनी दारातच सांगितलं, "एक चांगला पंप बघू. ह्या खेपेला मी निवडतो. न्हाई जमलं तर मंगळवारी म्हशी देतो."

"पहिल्यानं काय झालं बघितलं ना बाबा? सगळे चोर हायत."

मामा पायातली चप्पल नीट लावत राहिले.

शनिवारी बाजारात तीन दुकानं झाली. प्रत्येक दुकानदार आधी दाबाचा आकडा सांगे. एक म्हणाला, "मामा, ह्याच्यानं भिंतीचा रंग उडतो."

"मला गोठा धुवायचाय," मामा म्हणाले. "उखडायचा न्हाई."

त्यांनी विचारलेल्या गोष्टी वेगळ्याच होत्या. पंपाचं डोकं पितळेचं आहे का. आतलं रबर फाटलं तर ते लातुरात मिळतं की पुन्हा नांदेडला यायचं. नळाला जोडायचा की टाकीतनं पाणी स्वतः ओढतो. दोरी किती जोरात ओढावी लागते. एका दुकानात त्यांनी डाव्या हातानं दोरी ओढून बघितली, तेव्हा दुकानदारानं आनंदराजकडं बघून हळूच भुवई उचलली. आनंदराजला लाज वाटली, पण तिसऱ्या दुकानात तोच म्हणाला, "डाव्या हातानं ओढून बघू द्या त्यांना."

तरी मामांचं ठरेना. दुकानात फरशी कोरडी, मशीन नवं. तिथं सगळंच चांगलं दिसतं. ते म्हणाले, "कोणी वापरून जुनं केलेलं बघायला मिळंल का?"

आनंदराजच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील, अमृतराव, अर्धापूरला केळी करत. रविवारी सकाळी बापलेक मोटरसायकलवर तिकडं गेले. घड काढून झाले होते आणि ट्रॉली चिकानं काळी पडली होती. केळीचा चीक कापडाला लागला तर कापड फाटेपर्यंत जात नाही, लोखंडालाही तो सहज सोडत नाही. अमृतरावांचा पंप चार वर्षांचा जुना, मातीनं माखलेला, फवारणीलाही तोच आणि धुवायलाही तोच. शेजारी पाण्यानं भरलेला मोठा ड्रम होता.

"घ्या मामा, तुमीच मारा," अमृतरावांनी बंदूक हातात दिली.

मामांनी धार मारली, खटका सोडला, बघितलं, पुन्हा मारली.

"लोकाच्या हातात बंदूक आली की सोडत न्हाईत," अमृतराव हसले. "तुमी तर फोडणी दिल्यावानी थोडं थोडं टाकून राहिले."

"पाणी हाय ना ते."

"हाव, पण चीक फोडणीनं जात न्हाई."

मामांनी खटका पुन्हा सोडला आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष ड्रमकडं गेलं. पंपातून निघालेल्या एका दुसऱ्या पाइपातून भडाभडा पाणी पडत होतं. बंदूक टाकून ते तिकडं धावले आणि दोन्ही हातांनी तो पाइप मुरगाळून धरला.

"अरे मामा, सोडा, सोडा तो," अमृतराव पुढं आले. त्यांनी आधी इंजिन बंद केलं, मग मामांच्या मुठी सोडवल्या. "गळती न्हाई ती. परतीचा पाईप हाय. तुमी बंदूक बंद केली की पंप त्या पाण्याला कुठं धाडंल? ह्या पाइपानं ते परत ड्रममधी येतं. थेंब वाया जात न्हाई."

"आन् हा पाईप नसला तर?"

"मग तेच चुळकाभर पाणी आतल्या आत फिरत राहतं. चार-पाच मिनिटात चहावानी तापतं. रबर जळतं, धार मरते. तसलं मशीन असलं तर हात थांबला की इंजिन बंद करायचं. माझं पहिलं असंच गेलं. मी दुकानदाराच्या घरी जाऊन भांडलो, मग त्यानं खोलून दावलं."

मामांनी आपला तळहात उलटा करून बघितला. फोडाची खूण आता बारीक, गुलाबी उरली होती. आनंदराज ट्रॉलीला टेकून मोबाइल बघत होता. तो काही नीट ऐकत नव्हता. मामा गप्प राहिले असते तर ती गोष्ट तिथंच राहिली असती. चांगला पंप घेऊन ते घरी गेले असते आणि म्हशीही राहिल्या असत्या.

"आनंदा," ते म्हणाले, "आपलं मशीन चांगलं व्हतं. मी जाळलं ते."

आनंदराजनं मान वर केली.

"खटका सोडून इंजिन चालू ठिवायचो. पाणी वाचतंय म्हनून. त्या दिशी पंप तापला व्हता, हात भाजला माझा. तवाच कळलं व्हतं काहीतरी माझंच चुकलं म्हनून. बोललो न्हाई."

अमृतराव उगीच ड्रममध्ये वाकून पाण्याची पातळी बघू लागले.

"महिनाभर मी त्या माणसाला चोर म्हनत व्हतो, बाबा."

"हाव."

"आईला ठाऊक हाय?"

"न्हाई."

आनंदराजनं गाडीला किल्ली लावली. नांदेडच्या अलीकडच्या पुलावर गाडी हळू करून मान न वळवता तो म्हणाला, "पंप घेऊ. तुमी म्हनाल तो घेऊ. पण आईला आधी सांगायचं, मग मशीन चालू करायचं. आन् ते पहिलं मशीन विकणाऱ्याला मी फोन करतो."

सोमवारी सकाळी मामांनी पंप निवडला. दाबाचा आकडा पहिल्या मशीनपेक्षा बराच कमी, पण पितळेचं डोकं, टाकीतनं पाणी ओढणारा, डाव्या हाताला ऐकणारी दोरी आणि अंगठ्याएवढा जाड परतीचा पाइप. दुकानदारानं वरच्या किमतीचं मशीन दाखवून एकदा शेवटचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "ते लई शानं मशीन हाय. माझ्या हाताला हेच बरं." रबराचे दोन जादा सेट त्यांनी पैसे देऊन घेतले आणि पिशवीत धोतराच्या घडीत ठेवले.

खोकं बसच्या मागच्या सीटखाली बसवून ते संध्याकाळी मुरुडला उतरले. नागुबाई डाव्या हातानं भाकरी उलटत होती. मामा खोकं दारातच ठेवून चुलीपुढं बसले आणि सगळं सांगितलं. अर्धापूरचं सांगितलं, आधीच्या मशीनचं सांगितलं, फोडाचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी तवाच बोललो असतो तर ते नीट करून घेतलं असतं. तू पडली नसतीस."

नागुबाईनं भाकरी टोपल्यात टाकली. "चहाचं पातेलं म्हनलाव तुमी."

"हाव."

"त्या दिशी चहा मी केलता. तुमी तर पातेल्याला शिवलाबी नव्हता."

मामांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मला वाटलं, कुठं जाऊन हात भाजून आलंय माणूस, सांगंना झालंय," ती म्हणाली. "म्या बी इचारलं न्हाई. जेवा आता. आन् उद्या जनावराच्या अंगावर मारू नका ते, कासंला लागंल."

मंगळवारी दिवस उगवायच्या आत मामांनी दोन्ही म्हशी बाहेर लिंबाखाली बांधल्या. ड्रम भरला, परतीचा पाइप ड्रममध्ये सोडून दगडानं दाबला, डाव्या हातानं दोरी ओढली. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. पहिल्यांदा खटका सोडला आणि पाणी भडाभडा ड्रममध्ये पडू लागलं, तेव्हा त्यांचा हात नेमका त्या पाइपाकडं गेला. अर्ध्या वाटेवरून त्यांनी तो मागं घेतला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. नागुबाई दारात बाजेवर बसून बघत होती. ती म्हणाली, "येऊ द्या की परत. आपल्याच घरात येऊन राहिलंय."

नऊ वाजता दगडोबा आला. डोक्याला पटका, हातात काठी. गोठ्याच्या दारात थांबून त्यानं आधी चप्पल काढली आणि मग स्वतःच चकित होऊन फरशीकडं बघितलं. एक पाऊल टाकून टाचेनं फरशी दाबून बघितली.

"नागुआक्का, म्हशी दावायच्या म्हनून एवढं धुतलंस व्हय? गिऱ्हाइकापुढं नवरीवानी?"

"दावायच्या म्हनून न्हाई, राहायच्या म्हनून धुतलं. ह्यांनी धुतलं."

दगडोबानं मामांकडं बघितलं. मामा ओल्या पायांनी गुडघ्यावर बसून पंपाखाली हात फिरवत होते, कुठं ठिबकतंय का बघत.

"मास्तर तर मला म्हनला, पक्कं हाय."

"मास्तरला मी फोन केलाय," नागुबाई म्हणाली. "तू चहा पिऊन जा."

ती उठली, डाव्या हातानं पातेलं घेऊन आत गेली. मामांनी पंपाचं डोकं कोरड्या फडक्यानं पुसलं, तळहात त्याच्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पंप गार होता.