आधी कोणाला टाकायचं

माझ्यासारख्यानं लिहिणं हा आगाऊपणाच, माफ करा. सांगलीत कॉलेजात शिकणारा आमच्या घरातला मी पहिलाच. अभ्यासाला फ्रेम रिले होतं, म्हणजे माहितीचे तुकडे, त्यांना फ्रेम म्हणतात, ते नेटवर्कवरून पाठवायची एक पद्धत. नेटवर्कवर गर्दी झाली की पाठवणाऱ्याकडे 'हळू पाठव' अशी खूण उलट येते. तरी भागलं नाही, तर 'टाकली तरी चालेल' अशी खूण असलेल्या फ्रेम आधी टाकतात. ते पान उघडलं की अजून माझं डोकं फिरतं.

धाकट्या बहिणीला नर्सिंग करायचं होतं. जतला घरी फोन केला की आई म्हणायची, "तू अभ्यास कर रं, हितलं आमी बगतो." झेपत नाही, हे मला आधी कळवलं असतं तर मी वर्षभर थांबलो असतो! कुणी कळवलंच नाही. परीक्षा संपल्यावर चुलत्यांचा फोन आला, "दोघांचं शिक्षण न्हाई झेपत रं. तिचं लगीन ठरीवलंय."